अहो, मफलर घाला

संक्रांतीनंतरच्या रविवारी दत्तात्रेयांच्या घरी वेडे जमतात, हे बडोद्याच्या दांडिया बाजारात सगळ्यांना माहीत होतं. शेजारचे त्या दिवशी मुद्दाम नातेवाइकांकडे जेवायला जात आणि अंधार पडल्यावर परतत. स्नेहलताबाईंना तशी सोय नव्हती. घर त्यांचंच होतं, आणि वेड्यांपैकी मुख्य वेडा त्यांच्याच पदरी होता.

वेड 'बेमुदत'चं. 'बेमुदत' हा प्रतापनगरच्या रेल्वे कारखान्यातल्या पाच जणांचा बँड. नाव त्यांनी युनियनच्या फलकावरून घेतलं. फलकावर 'बेमुदत उपोषण' असं होतं. त्यातला दुसरा शब्द पेटी वाजवणाऱ्या जनार्दनरावांना पटला नाही. ढोलकीवर सुभानराव, पेटीवर आणि गाण्याला जनार्दनराव, एक गिटारवाला, एक क्लॅरिनेटवाला, आणि एक जण जो दर वेळी वेगळंच काहीतरी वाजवी. एकदा त्याने नटबोल्ट आवळायचा पाना वाजवला होता. गाणं सुरू झालं की केव्हा संपेल हे ऐकणाऱ्यांना ठाऊक नसे, आणि वाजवणाऱ्यांना तर मुळीच नसे. तेच गाणं दुसऱ्यांदा तसंच वाजवणं त्यांना कधी जमलं नाही. गावातले जाणकार याला कच्चेपणा म्हणत. दत्तात्रेय आणि मंडळी याला 'बेमुदत' म्हणत, आणि म्हणताना त्यांचा आवाज गाभाऱ्यात शिरल्यासारखा खाली येई.

यंदाचा रविवार मात्र नेहमीसारखा नव्हता. सुभानरावांची नात देवश्री ध्वनिमुद्रण शिकून अलकापुरीतल्या एका स्टुडिओत कामाला लागली होती, आणि मंडळींच्या कपाटांतल्या जुन्या टेपा गोळा करून 'बेमुदत'चा अल्बम काढत होती. पहिलं गाणं कोणतं, यावर वाद नव्हता. 'सुरसागरला वळसा', गावच्या तलावावरून नाव घेतलेलं, प्रतापनगरच्या मैदानावर दत्तात्रेयांनी स्वतःच्या हाताने टेप केलेलं. त्या गाण्यात मध्येच एक बाई बोलते. ती कोण, हे तीस वर्षं कोणाला कळलं नव्हतं. अल्बमवर तिचं नाव छापायचं होतं आणि ते आज ठरायचं होतं.

ती बाई म्हणजे स्नेहलताबाई. हे त्यांना ठाऊक होतं. दत्तात्रेयांना नव्हतं, आणि ते आज कौशल्याबाईंचं नाव सांगणार होते.

झालं होतं असं. तेव्हा दत्तात्रेय कारखान्याच्या हिशेब खात्यात होते. जानेवारीचे दिवस, बडोद्यात पडते तेवढी थंडी पडलेली, आणि हे महाशय खोकत असताना उघड्या गळ्याने टेपरेकॉर्डर काखेत मारून मैदानावर गेले. स्नेहलताबाईंना हळदीकुंकवाला जायचं होतं. 'बेमुदत' त्यांना आवडत नाही, हे घरात ठरून गेलेलं होतं. म्हणजे लग्नानंतर पहिल्याच वर्षी त्या एकदा म्हणाल्या होत्या, "यांचं संपतं कधी?" तेवढ्यावर दत्तात्रेयांनी निकाल लावून टाकला होता. बाईंनी अपील केलं नाही. घरात एक तरी शहाणा माणूस हवा, आणि ती जागा रिकामीच होती.

हळदीकुंकू आटोपून परत येताना वाटेत मैदान लागतं. पिशवीत वाणाच्या बांगड्या, तिळाचे लाडू आणि त्यांच्याखाली नवऱ्याचा मफलर. तो त्यांनी निघतानाच घेतला होता, कशासाठी ते स्वतःलाही नीट न सांगता. मैदानावर पुढे, थेट स्पीकरच्या पायथ्याशी, दत्तात्रेय रेकॉर्डरवर वाकून बसलेले दिसले. बाई गर्दीतून वाट काढत चार रांगा मागेपर्यंत पोचल्या. त्यापुढे पाय ठेवायला जागा नव्हती. ढोलकी, पेटी, क्लॅरिनेट सगळं अंगावर येत होतं. त्यातून आवाज पोचवायचा म्हणून त्यांनी छाती भरून श्वास घेतला, आणि नेमका त्याच क्षणी सुभानरावांनी हात उचलला. सगळी वाद्यं एकदम थांबली. मैदानभर अशी शांतता झाली की पलीकडच्या क्वार्टरमधली मोरी वाहताना ऐकू यावी. भरलेला श्वास परत घेता येत नाही. त्या पूर्ण, गच्च शांततेत स्नेहलताबाईंचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला:

"अहो, मफलर घाला."

हजार माणसं हसली असती तर बरं झालं असतं. हसलं कोणी नाही. सुभानरावांनी मान वर केली, बाईंकडे पाहिलं, आणि बोटांनी तेच वाक्य ढोलकीवर म्हणून दाखवलं. अ-हो, मफ-लर, घा-ला. सहा मात्रा, चोख. जनार्दनरावांनी ते पेटीवर उचललं, क्लॅरिनेटने त्याला बाक दिला, आणि त्यानंतर जे सुरू झालं ते 'बेमुदत'च्या इतिहासात 'मफलर' म्हणून अजरामर झालं. स्नेहलताबाई तोवर पदर तोंडावर घेऊन मैदानाबाहेर पडल्या होत्या.

तासभर स्पीकरच्या पायथ्याशी बसून कान बधिर झालेल्या माणसाला त्या शांततेतही चार रांगा मागचं काय ऐकू येणार? दत्तात्रेयांनी ते वाक्य पहिल्यांदा ऐकलं ते दुसऱ्या दिवशी, घरी, टेपवर. बाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, हातात कणीक. आता हे वळून बघतील, मग मी म्हणेन की हो, मीच. अशी त्यांची तयारी झाली होती. दत्तात्रेयांनी टेप मागे नेली, पुन्हा ऐकली, आणि डोळे मिटून म्हणाले, "काय बाई आहे. काय ताल आहे तिला. अशी बाई ज्याच्या घरी असेल तो माणूस काय भाग्याचा."

बाई दारातून आत गेल्या आणि पोळ्या लाटायला लागल्या. त्या दिवशी त्यांनी मनाशी ठरवलं: मी सांगणार नाही. हे स्वतः ओळखतील तेव्हा ओळखतील. आठवडाभरात ओळखतील, असा त्यांचा अंदाज होता.

त्या आठवड्याला तीस वर्षं झाली. मधल्या काळात ते वाक्य गावभर झालं. 'बेमुदत'च्या प्रत्येक कार्यक्रमात 'वळसा' सुरू झाला की लोक पिशवीतून मफलर काढून मांडीवर ठेवत. ढोलकी थांबली की सगळे एका सुरात म्हणत, "अहो, मफलर घाला," आणि मफलर गळ्यात पडत. भर मे महिन्यात, उष्णतेची लाट आलेली असताना, गळ्यात लोकर गुंडाळून घामाघूम बसलेली चारशे माणसं बडोद्यात दिसली, तर पाहुण्यांना वाटे की ही कुठलीतरी साथ असावी. घरी टेप लावली तरी तेच. दत्तात्रेय एकटे असले तरी टेपच्या वर आवाज चढवून म्हणत. म्हणजे ज्या वाक्यावर त्यांचं एवढं प्रेम, त्यावर ते रोज स्वतःच बोलत, आणि तेच रोज सकाळी फिरायला निघताना बायको म्हणे, तेव्हा "हो, घालतो गं" म्हणून न घालता जात.

सुभानराव मात्र कधी भाजीबाजारात भेटले तर बोलत नसत. पिशवी डाव्या हातात घेऊन उजव्या हाताची बोटं तिच्यावर वाजवत. सहा मात्रा. आणि पुढे जात.

"काकू, काही मदत करू?" देवश्रीने स्वयंपाकघरात डोकावून विचारलं. ती आपला लॅपटॉप आणि दोन छोटे स्पीकर घेऊन सगळ्यांच्या आधी आली होती.

"नको. तू बाहेर बस. ते तुला फटीतला सूर समजवायला लागले, तर मग आत ये."

फटीतला सूर हा मंडळींचा दुसरा चमत्कार. त्या टेपवरची पेटी पेटीच्या कुठल्याच पट्टीशी जुळत नाही. काळी एक धरावी तर टेप वर जाते, पांढरी दोन धरावी तर खाली राहते. जगदेवरावांनी स्वतःची पेटी आणून हे सिद्ध केलं होतं. तेव्हापासून मंडळींचं असं मत होतं की त्या संध्याकाळी जनार्दनरावांनी पेटी दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीतून वाजवली. कशी, हे विचारायचं नसतं. खुद्द जनार्दनरावांना, ते पुण्याला मुलाकडे राहायला जायच्या आधी, विचारलं होतं. ते म्हणाले, "मला आठवत नाही," आणि त्यांच्याविषयीचा आदर आणखी वाढला.

जगदेवराव आणि कौशल्याबाई आले. जगदेवराव कोयलीच्या रिफायनरीतून निवृत्त झालेले, आणि रिफायनरीत बोलायची सवय असलेल्या माणसासारखे ते बैठकीच्या खोलीतही मोठ्याने बोलत. कौशल्याबाई माहेरच्या प्रतापनगरच्या, आणि त्यांचा आवाज उलट, बारीक आणि टोकदार. दूध आलं की तिसऱ्या मजल्यावरून हाक मारत आणि दूधवाला दचके. मागून केयूर आला, स्कूटर दारातच लावून. केयूरचं पाणीगेटला भांड्यांचं दुकान. घरची भाषा गुजराती. मराठी तो 'बेमुदत'च्या टेपांवरून शिकला. त्यामुळे त्याचं मराठीतलं पहिलं वाक्य "अहो, मफलर घाला" हे होतं, आणि बरीच वर्षं तो मराठी माणूस भेटला की नमस्काराऐवजी तेच म्हणे. कोणी त्याला सुधारलं नाही. वाक्य तब्येतीला चांगलं होतं.

सेव-उसळीच्या ताटल्या फिरल्या. रिवाजाप्रमाणे प्रत्येकाने आपली सगळ्यात आवडती मैफल सांगायची, टेप असेल तर लावायची, आणि दुसऱ्याची संपेपर्यंत मध्ये बोलायचं नाही. शेवटचा नियम कोणीही पाळत नसे, पण दर वर्षी वाचून दाखवला जाई.

"माझी नेहमीचीच," जगदेवराव म्हणाले. "कोयली टाउनशिप. 'शंटिंग' वाजवत होते. मागे आमच्या चिमणीवरची ज्वाळा. सुभानरावांची पाठ होती तिच्याकडे, हं. पाठ होती. ज्वाळा वर गेली की ढोलकी वर. ज्वाळा बसली की ढोलकी बसली. मी पाहत होतो ना. दुसऱ्या दिवशी शिफ्टच्या इंजिनिअरला विचारलं, काल संध्याकाळी प्रेशर असं खालीवर का होत होतं? म्हणाला, कारण सापडत नाही."

"सापडेल कसं?" दत्तात्रेय म्हणाले.

"तेच म्हणतो मी. शोधतायत पाइपलाइनमध्ये."

"मला तर शेंगदाणे आठवतात," कौशल्याबाई म्हणाल्या. "गरम होते."

"माझावाला पाणीगेटनो," केयूर सरसावून बसला. "रस्त्यावर स्टेज. 'वळसा' चालू. अने समोरून वरात आली. वरातीचा पण बँड, तो वाजवतो आपलं लग्नाचं. आता दुसरा कोण असता तर बंद करून वाट देता. जनार्दनकाकाने काय केलं? वरातीचं गाणं उचललं. सीधं आपल्या गाण्यात टाकलं. वरातीवाले पण येडे, त्यांनी आपलं उचललं. बे बँड, एक गाणं. दूल्हो घोड्यावरून उतरला अने माझ्या बाजूला येऊन बसला."

"मग?"

"मग काय. मुलीचा बाप बोलवायला आला. तो पण बसला."

सगळे मनापासून हसले, दर वर्षी हसत तितकेच. स्वयंपाकघरात स्नेहलताबाईही हसल्या, कारण उसळ ढवळताना कोणी पाहत नव्हतं. दर वर्षी एकेक जण सांगे, आणि मग "चहा होऊन जाऊ द्या" अशी आरोळी आत येई. तुमची आवडती कोणती, हे आजवर त्यांना कोणी विचारलं नव्हतं. शहाण्या माणसाला विचारत नाहीत.

मग दत्तात्रेय उभे राहिले. त्यांनी मफलर हातात घेतला, खाकरले, आणि अभ्यासपूर्वक काढलेला निष्कर्ष मांडायला सुरुवात केली. टेपवरची बाई मराठी. विवाहित, कारण 'अहो'. वय कमी, कारण आवाज कोवळा, बारीक. प्रतापनगरशी संबंध असलेली. त्या दिवशी मैदानावर हजर. "आणि या सगळ्यात बसणारी एकच व्यक्ती आपल्यात आहे. कौशल्यावहिनी."

"अहो, मी म्हटलं असेलही," कौशल्याबाई संकोचून म्हणाल्या. "मी सगळ्यांनाच म्हणते."

"मला म्हटल्याचं आठवत नाही," जगदेवराव म्हणाले.

"तुम्हाला कशाचं आठवतं?"

"वहिनी, एकदा म्हणून दाखवा," दत्तात्रेयांनी विनंती केली.

कौशल्याबाईंनी पदर सावरला आणि म्हटलं. बारीक, टोकदार, स्वच्छ. केयूरच्या अंगावर काटा आला. त्याने बाही वर करून तो सगळ्यांना दाखवला. "एज छे. एकदम एज. तोच आवाज."

आत स्नेहलताबाईंच्या हातातली पळी पातेल्यावर थांबली. त्यांना राग आला असता तर सोपं होतं. पण कौशल्याबाईंचा आवाज टेपसारखा होता, हे खरंच होतं. स्नेहलताबाईंचा स्वतःचा नव्हता. तीस वर्षं ती टेप ऐकताना त्यांनाही अधूनमधून शंका येई, की आपण म्हटलं ते खरं, पण ही कोण चिमणी बोलते आहे? आता ते वाक्य छापून दुसऱ्याचं होणार होतं, आणि देणारा माणूस तोच होता ज्याच्या गळ्यासाठी ते म्हटलं होतं. बाहेर जाऊन दोन शब्द बोलले की काम झालं असतं. पण मग ओळखायचं काम त्यांनी केलं असं झालं असतं, आणि ते त्यांचं नव्हतं. ते दत्तात्रेयांकडे होतं.

त्यांनी गॅस बारीक केला आणि दारात येऊन उभ्या राहिल्या.

"देवश्री, लिही," दत्तात्रेय म्हणाले. "सौ. कौशल्या जगदेवराव."

"लिहिते," देवश्री म्हणाली. "फक्त आधी एकदा टेप ऐकू या. आजोबांनी बजावून पाठवलंय, नाव लिहायच्या आधी टेप बरोबर वेगाने लाव."

"बरोबर वेगाने म्हणजे?"

देवश्रीने शक्य तितक्या हळुवारपणे सांगितलं. त्या दिवशी रेकॉर्डरचे सेल उतरत चालले होते. मशीन हळू फिरत होतं. हळू फिरणाऱ्या मशीनवर भरलेली टेप घरी नव्या सेलवर लावली की सगळं जलद आणि चढ्या सुरात ऐकू येतं. पेटी कुठल्या फटीत नव्हती, सरळ चार पट्ट्या खाली, पांढरी सहामध्ये होती. तिने कॉम्प्युटरवर वेग दुरुस्त केला होता.

जगदेवरावांनी हातातली ताटली खाली ठेवली. फटीतला सूर तीस वर्षं जपलेला होता. त्यावर केयूरने आपल्या मुलीचं नाव श्रुती ठेवलं होतं.

"सेल नवे होते," दत्तात्रेय अखेर म्हणाले. त्यांच्या आवाजात कोर्टात उभं राहिल्याचा ताठा होता. "आदल्या दिवशी मी स्वतः आणून घातले होते."

"ते मी काढून टॉर्चमध्ये घातले," स्नेहलताबाई दारातून म्हणाल्या. "दिवे जात होते तेव्हा. रेकॉर्डरमध्ये टॉर्चचे जुने घातले."

दत्तात्रेयांनी वळून पाहिलं. चमत्काराचं मूळ स्वयंपाकघरात निघावं, हे त्यांना झेपलं नाही. ते खुर्चीत बसले आणि त्यांनी डोळे मिटले. "लाव," ते म्हणाले. "एकदा ऐकतो. पण ते आमचं नसेल."

देवश्रीने टेप लावली.

पहिल्यांदा सगळ्यांचे चेहरे पडले. ओळखीचा माणूस चप्पल हरवून आल्यासारखं ते गाणं आलं, जड पावलांनी. केयूर ठेका धरायला गेला आणि चुकला. जगदेवरावांनी देवश्रीकडे रिफायनरीच्या आवाजात पाहिलं. पण 'बेमुदत' कोणाच्या रुसव्यासाठी थांबणारं नव्हतं. हळूहळू ते जड वाटेना, भरलेलं वाटू लागलं. जनार्दनरावांचा आवाज माणसाचा झाला, छातीतून येणारा. क्लॅरिनेटमधली हवा ऐकू येऊ लागली. सुभानरावांचं डावं बोट, जे आजवर नुसतं टिकटिक करत होतं, ते आता बोलत होतं. सुरसागरच्या काठाने कोणीतरी निवांत चालत जावं, तलावात दिवे हलावेत आणि घरी जायची घाई नसावी, तसं ते गाणं वळत होतं. जगदेवरावांचं तोंड कधी उघडं पडलं ते त्यांना कळलं नाही.

"आ तो बहु सारूं छे. पहिल्यापेक्षा चांगलं," केयूर हळूच म्हणाला. कोणी त्याला गप्प केलं नाही.

मग ढोलकी थांबली. सवयीने सगळ्यांच्या हातांनी मफलर उचलले आणि सवयीच्याच अंदाजाने सगळे एका सुरात म्हणाले, "अहो, मफ..." आणि अडखळले. टेपवर अजून शांतताच होती. त्यांचं सगळं पाठांतर जलद टेपवर झालेलं. ओशाळून सगळे गप्प बसले, मफलर हवेत धरलेले. त्या खोलीत 'बेमुदत'च्या त्या शांततेत पहिल्यांदाच कोणी बोलत नव्हतं.

आणि मग टेपवर ती बाई बोलली. कोवळी नव्हती, बारीक नव्हती. घरकामाने दमलेला, थोडा सर्दीने भरलेला, काळजीत राग मिसळलेला आवाज.

"अहो, मफलर घाला."

"हो, घालतो गं," दत्तात्रेय म्हणाले, आणि डोळे मिटलेलेच असताना त्यांचा हात गळ्याकडे गेला.

टेप पुढे चालू राहिली. सुभानरावांच्या बोटांनी सहा मात्रा म्हटल्या, पेटीने उचलल्या. पण खोलीतलं कोणीच टेपकडे पाहत नव्हतं. दत्तात्रेयांनी डोळे उघडले. ते आधी स्पीकरकडे पाहत राहिले, मग हळूहळू स्वयंपाकघराच्या दाराकडे. दारात बायको उभी होती, हातात पळी, आणि पळीतून उसळीचा रस्सा फरशीवर ठिबकत होता, ज्यासाठी एरवी दुसऱ्या कोणाला त्यांनी घराबाहेर काढलं असतं.

"तू त्या दिवशी हळदीकुंकवाला गेली होतीस," ते म्हणाले.

"गेले होते. परत यायच्या वाटेवर मैदान आहे."

"मग बोलली नाहीस?"

"बोलले ना. टेपवर आहे."

कौशल्याबाईंनी सुस्कारा सोडला. "बरं झालं बाई. मला आपली काळजी, उद्या कोणी रेडिओवर बोलवलं म्हणजे काय सांगायचं. मला शेंगदाण्यांपलीकडे काही आठवत नाही."

दत्तात्रेय काहीतरी बोलायला गेले, पण तीस वर्षांत ते ज्या बाईची स्तुती करत आले होते ती सगळी एकदम आठवल्यामुळे त्यांना कुठून सुरुवात करावी कळेना. त्यातली बरीचशी त्यांनी याच बाईला ऐकवली होती, चहा मागता मागता.

"वहिनी," जगदेवराव पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाले, "तुमची आवडती मैफल कोणती?"

स्नेहलताबाईंनी पळी खाली ठेवली. एवढी वर्षं त्यांनी या प्रश्नाचं उत्तर आत, शेगडीपाशी, तयार ठेवलं होतं. आता ते सांगताना तयारी उपयोगी पडेना.

"मी पळाले ना तिथून. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. क्वार्टरच्या भिंतीकडेने भराभर चालत होते. आणि मागून माझंच वाक्य यायला लागलं. आधी ढोलकीवर. म्हटलं, ही थट्टा आहे. म्हणून जोरात चालले. मग पेटीवर आलं. मग क्लॅरिनेटवर. आणि ते थट्टा करत नव्हते हो. मी जे म्हटलं होतं, म्हणजे घशाची काळजी, आणि न सांगता निघून गेल्याचा राग, आणि थंडी, ते सगळं ते वाजवत होते. मला एवढं बोलायचं होतं, हे मलाही ठाऊक नव्हतं. मी रेल्वेच्या फाटकापाशी थांबले. गाडी येऊन गेली, फाटक उघडलं, सायकलवाले गेले, परत बंद झालं. मी तिथेच. संपलं तेव्हा पायाला मुंग्या आल्या होत्या." त्या जरा थांबल्या. "मैदानावरचे नंतरचे सगळे कार्यक्रम मी त्या फाटकापाशी, नाहीतर मागच्या झाडाखाली ऐकले. भजनीमंडळ म्हणून सांगत होते ते. भजनीमंडळ कधीच बंद पडलं."

केयूरने डोळे पुसले, मफलरने. तेवढ्यासाठी तरी तो उपयोगी आला.

"काकू," देवश्री म्हणाली, "आजोबांनी एवढंच सांगितलं होतं की टेप लाव आणि दत्तूकाकांकडे बघत राहा. नाव त्यांनीही सांगितलं नाही." तिने लॅपटॉप पुढे ओढला. "ढोलकी, सुभानराव. पेटी आणि गायन, जनार्दन. तुमच्या नावाआधी काय लिहू? गायिका म्हणता येणार नाही. निवेदिका?"

"मफलर," दत्तात्रेय म्हणाले. "मफलर, स्नेहलता. आणि रेकॉर्डरचं श्रेय देणार असशील तर तिथेही तिचंच घाल. सेल तिचे."

मंडळी निघाली तेव्हा बाहेर बोचरी हवा सुटली होती. दत्तात्रेय देवश्रीचे स्पीकर उचलून तिच्या स्कूटरपर्यंत पोचवायला निघाले आणि उंबऱ्यात थांबले. मफलर खुर्चीच्या पाठीवरच होता. स्नेहलताबाई फरशी पुसत होत्या. त्यांनी वर पाहिलं, तोंड उघडलं, आणि मिटलं.

दत्तात्रेय तसेच उभे. स्पीकर हातात, गळा उघडा.

"जा ना, पोर खोळंबली आहे," बाई म्हणाल्या.

"म्हण की."

"काय?"

"तेच."

"रोज सकाळी म्हणते. तेव्हा कुठे असता?"

"म्हण एकदा. या वेळी मी मध्ये बोलणार नाही."

स्नेहलताबाईंनी फडकं पिळलं, बादलीच्या काठावर पसरलं, आणि छाती भरून श्वास घेतला.